बिरूमामांचा फोन, अख्ख्या जीपला

बिरूमामांच्या जीपमध्ये बसलं की त्यांना आलेला फोन आपल्यालाही येतो. घंटी त्यांच्या खिशात वाजते आणि आवाज आपल्या कानाशी, मांडीखालून, पाठीमागून असा चारी बाजूंनी निघतो. नळदुर्गहून लोहाऱ्याला शाळेत शिकवायला मी गेली सहा वर्षं याच जीपने जाते. माझ्या सख्ख्या मावसभावांची मला जेवढी माहिती नसेल, तेवढी मामांच्या पाहुण्यारावळ्यांची झालेली आहे. कुणाच्या गुडघ्यात पाणी झालंय, कुणाचं लग्न मोडलंय, कुणाची म्हैस लाथ मारते, सगळं.

याला कारण तो स्क्रीन. पूर्वी मामांच्या जीपमध्ये एक टेप होता. त्यात अडकलेली कॅसेट एकाच बाजूने वाजायची आणि कुणाची तक्रार नव्हती. मग लोहाऱ्याच्या स्टँडवर एकेका जीपमध्ये स्क्रीन दिसायला लागले. कॉलेजची पोरं आधी आत डोकावून स्क्रीन केवढा आहे ते बघायची आणि मग बसायची. मामांची जीप भरेना. शेवटी दोन फेऱ्या बुडवून ते सोलापूरला गेले आणि नऊ इंची स्क्रीन, चार स्पीकर आणि मागच्या बाजूला एक कॅमेरा बसवून आले. गाणी नेटवरून येणार, नकाशा दिसणार, फोन आपोआप जोडला जाणार.

फोन जोडला गेला की स्पीकरमधून एक बाई इंग्रजीत सांगायची, "कनेक्टेड." मामा रोज तिला उत्तर द्यायचे, "व्हय व्हय, कळलं." कॅमेऱ्यावर मात्र त्यांचा विश्वास बसला नाही. रिव्हर्स घेताना ते मान बाहेर काढूनच बघत. "ह्याच्यात दिसतंय ते आत्ताचंच हाय कशावरनं?" असं त्यांचं म्हणणं होतं.

स्क्रीनला तोंडी सांगितलं की गाणं लागतं, असं तो बसवणाऱ्या फिटरने शिकवलं होतं. मामांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "धनगरी ओव्या लाव." स्क्रीनने हिंदीतलं मधुमेहावरचं भाषण लावलं. आम्ही ते लोहाऱ्यापर्यंत ऐकलं, कारण मामांनी बंद करू दिलं नाही. "बोलतोय मानूस. मधीच कसं तोडायचं?"

मामांचा बाप मेंढरं राखायचा. मामाही लग्न होईपर्यंत मेंढरांमागेच होते. त्यामुळे जीप सुटायच्या आधी मागे वळून ते माणसं नजरेने मोजतात. त्या वेळी कुणी जागा बदलली की ओरडतात, "हलू नगा, गणती चुकती!" एखादं माणूस फाट्यावर उतरून लघवीला गेलं आणि जीप तशीच सुटली, असं त्यांच्या हातून कधी झालेलं नाही.

फोन घ्यायचं हिरवं बटण फिटरने दाखवलं होतं. आवाज फक्त स्वतःला ऐकू येईल अशी सोयही त्यात कुठेतरी होती, पण मामांनी ती विचारलीच नाही. मी एकदा सुचवून पाहिलं. "लपवायचं काय त्यात, बाई? चोरीचा माल हाय का?"

एकदा चुलतभावाचा फोन आला, बांध कोरल्याबद्दल. तो तावातावाने बोलत असताना मागच्या सीटवरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "आरं, त्यो बांध म्या बगितलाय, कोरला तर तूच." मग चुलतभाऊ म्हणाला, "बिऱ्या, तुझ्या जीपात कोरट भरलंय व्हय?" आणि फोन ठेवला. बांधाचा विषय परत निघाला नाही.

पण आम्ही सगळे वाट बघायचो ती साडेनऊच्या फोनची. तो रेणूचा असायचा.

रेणू ही मामांची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली, मामांनीच तिला वाढवलं. तिला दिलं अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात. जावई दूध डेअरीत कामाला. सासू सकाळी शेळ्या घेऊन बाहेर पडली की रेणू फोन करायची. स्पीकरचं तिला माहीत होतं. सुरुवातीला लाजायची, मग सरावली. "अण्णा, आज कोण कोण हाय?" असं विचारायची आणि मामा हजेरी घ्यायचे. मी "हजर" म्हणायची. पुढच्या सीटवर माझ्याशेजारी भागाक्का असायच्या. त्या लोहाऱ्यात चटण्या आणि पापड विकतात, आणि त्यांना "हजर" म्हणून भागत नसे. त्या रेणूला काल काय शिजवलं होतं इथपासून विचारत यायच्या.

एके दिवशी रेणू म्हणाली, "अण्णा, आवाज बारीक करा की."

"मला न्हाय येत ते. बोल तू."

"आक्का हाय का?"

"हाय की गं, हितंच हाय," भागाक्का म्हणाल्या.

मग चारी स्पीकरमधून हळूच आवाज आला, "आक्का, मला दिवस गेल्यात."

जीपमध्ये एकच गलका झाला. ज्यांनी रेणूला जन्मात पाहिलं नव्हतं ते लोकसुद्धा हसत होते. मामांनी जीप कडेला घेतली, खाली उतरले, आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आत रेणू विचारत होती, "अण्णा? अण्णा कुठं गेले?" भागाक्का म्हणाल्या, "इंजिन बगत्यात."

पुढचे महिने जीपमध्ये दुसरा विषय नव्हता. पपई खायची नाही इतकं सोडलं तर कशावरही एकमत नव्हतं. गूळ खावा का, डाव्या कुशीवर झोपावं का, यावर कंडक्टरकीतून निवृत्त झालेले गृहस्थही मत देत. भागाक्कांनी जवसाची चटणी करून पाठवली. मी शाळेतल्या जुन्या पुस्तकांमधलं बडबडगीतांचं एक पुस्तक काढून मामांकडे दिलं. मुलगी की मुलगा यावर पोरांनी चहाची पैज लावली. मी म्हणाले, "मुलगीच होणार बघ, रेणू." ती हसली. "तुमच्या तोंडात साखर पडू द्या, बाई."

सातव्या महिन्यात माहेरी आणायचं ठरत होतं. त्या दिवशी फोनवर रेणूची सासू आली. "पावणं, तुमच्या घरी बाईमानूस कोण हाय? पोरीचं कोण बगणार?"

मामांनी आरशातून मागे पाहिलं. तेवढ्यात भागाक्का स्क्रीनकडे वाकून ओरडल्या, "म्या हाय!"

"तुमी कोण?"

"म्या... म्या त्यांच्या गाडीत असते."

सगळे हसले, सासूसुद्धा जरा हसली. आठवा लागला की शुक्रवारी आणायचं, असं ठरलं. भागाक्कांनी मामांच्या घरी जाऊन एक खोली शेणाने सारवली, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला.

त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी साडेनऊला फोन वाजला. मामांनी हिरवं बटण दाबलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "बोल गं माय."

आवाज जावयाचा होता. "मामा, दवाखान्यात हाय आमी. रेणू बरी हाय. बाळ गेलं, मामा. पोटातच गेलं."

ते चारी स्पीकरमधून आलं. जीप भरलेली होती. मामा स्क्रीनवर बोटं मारत राहिले, आवाज कमी करायला बघत होते, आणि जावई तिकडे "मामा, ऐकताय का, मामा" म्हणत होता. मी भागाक्कांच्या पलीकडून हात लांब करून काहीतरी दाबलं तेव्हा तो आवाज बंद झाला.

आम्ही सगळे तिथेच, माळावर उतरलो. कुणी कुणाला सांगितलं नाही. मामांनी जीप वळवली. भागाक्का चटणीची पाटी रस्त्यावर ठेवून पुढच्या सीटवर तशाच बसून राहिल्या आणि त्यांच्याबरोबर गेल्या. पाटी मी शाळेत नेऊन ठेवली.

तिथे काय झालं ते भागाक्कांनीच मला नंतर सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात सासू म्हणाली, "असली बातमी पोटात ठिवायची असती. ह्यांनी जीपभर मान्सांत वाजवली. कुनाची नजर कशी असती, काय ठावं." मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

दहा-बारा दिवसांनी जीप परत सुरू झाली. स्क्रीनवर टॉवेल टाकलेला होता. गाणी नाहीत, ती इंग्रजी बाई नाही. फोन आला की मामा जीप कडेला घ्यायचे, खाली उतरायचे, लांब जाऊन मोबाइल कानाला लावायचे आणि दोन मिनिटांत परत यायचे. कॉलेजची पोरं हळूहळू दुसऱ्या जीपमध्ये बसायला लागली. भागाक्का यायच्या, पण पदर तोंडाला लावून गप्प.

एकदा नळदुर्गच्या स्टँडवर जीप भरायची होती आणि आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "मामा, तुम्हालाही तसंच वाटतं का? नजरेचं?"

त्यांनी समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. "तुमी कुणी वाईट न्हाय, बाई. पर म्या तोंड मिटून बसाया पायजे हुतं. मेंढी गाभण ऱ्हायली तरी आमचा बाप चार मान्सांत बोलत नसायचा. म्या लेकीचं बोललो."

भागाक्कांकडून कळलेलं डॉक्टरांचं म्हणणं, कशाने झालं ते, मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकलं आणि टॉवेल नीट केला.

मला मूलबाळ नाही. असल्या गोष्टीत लोक सगळ्यात आधी कुणाकडे बघतात ते मला चांगलं माहीत आहे. मामांनी माझ्याकडे कधी तसं पाहिलं नाही, भागाक्कांनीही नाही. पण मीच पुढची सीट सोडून अगदी मागे, दाराशी बसायला लागले. "मुलगीच होणार बघ" हे माझं वाक्य मला प्रवासभर ऐकू यायचं.

मग फाल्गुन संपता संपता एका सकाळी फोन आला. मामा उतरले, नेहमीसारखे लांब गेले. पण दोन मिनिटांत परत आले ते थेट मागच्या दाराशी, माझ्यासमोर. मोबाइल पुढे करून म्हणाले, "रेणूला तुमच्याशी बोलायचंय."

मी खाली उतरले. ऊन चढायला लागलं होतं. फोन कानाला लावला.

"बाई, तुमी आता मागं बसता म्हणं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"अण्णांनी. बाई, एक काम हाय. अण्णांना इचाराल का, बाळ कसं हुतं?"

"तू पाहिलं नाहीस?"

"मला गुंगी हुती. उठले तवा काईच नव्हतं. पोरगी हुती, येवढं नर्सनं सांगितलं. सासू म्हणती, इसर. मालक इषय काढू देत न्हाईत. अण्णांनीच नेलं तिला, मातीला. त्यांनी बगितली असंल. पर मला इचाराया हुईना, बाई. ते रडत्याल. तुमी तर समदं ऐकलं हुतं, पयल्यापासनं. म्हणून तुमाला म्हणले."

मामा चार पावलांवर चाकाशी वाकून, टायरमध्ये काही रुतलंय का ते बघितल्यासारखं करत होते. मी म्हणाले, "मामा, रेणू विचारते आहे, बाळ कसं होतं."

ते उठले. आधी माझ्याकडे बघितलं, मग मोबाइलकडे. "मला इचारतीय?"

"तुम्हालाच."

त्यांनी मोबाइल घेतला. रस्त्याकडेचा चर ओलांडून पलीकडच्या बांधावर गेले आणि बाभळीच्या विरळ सावलीत खाली बसले. मी पुढच्या सीटवर भागाक्कांशेजारी जाऊन बसले. त्यांनी जागा करून दिली, माझा हात घेतला आणि सोडला नाही. जीपमध्ये नऊ माणसं होती. माझ्या शाळेची घंटा होऊन गेली असेल, कुणाचं तहसीलमध्ये काम होतं, पण कुणी हाक मारली नाही.

एक शब्द ऐकू येत नव्हता. मामांच्या एका हातात मोबाइल होता. दुसरा हात त्यांनी मांडीवर आडवा ठेवला, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत नजरेने मापला आणि मान हलवली. मग ती बोटं स्वतःच्या कपाळावरून मागे फिरवली, केस किती होते ते सांगितल्यासारखी. मग मूठ मिटली, आणि एकेक बोट अगदी सावकाश उघडून दाखवलं. फोनवर हात दिसत नाही हे त्यांच्या ध्यानात नसावं. ते दाखवत होते, थांबत होते, ऐकत होते, आणि परत दाखवत होते.