नागोरावांची पुरचुंडी

नागोरावांना कसलीही गाठ मारायला सांगा, अशी मारतील की बैलानं ओढली तरी हलायची नाही. पण सोडायला सांगितली की दोन्ही हात पाठीमागे! धान्याचं पोतं असो, शेळीचं दावं असो, हे काही सोडायचे नाहीत. स्वतःचं बोचकंसुद्धा माझ्यापुढे धरायचे.

"गुरुजी, एवढं सोडता का?"

आत काय, तर एक धोतर, तांब्या आणि एक चपटी पुरचुंडी. त्या पुरचुंडीला मात्र कुणी हात लावायचा नाही.

सेलूची शाळा सोडून मी श्रमघरात आलो, तिथं ही वल्ली भेटली. श्रमघर म्हणजे पिंगळी स्टेशनापासून कोसभरावर कुणीतरी दान दिलेली खडकाळ जमीन, आम्ही अकरा माणसं आणि एक चूल. नियम एकच, पण खाष्ट. कुणाची लूट नाही, कुणाचा अपमान नाही, असं काम ज्यानं त्यानं सहा महिन्यांत शोधायचं आणि बैठकीत सांगायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या तर राहायचं. एकानं जरी नाही म्हटलं तर पिंगळीची गाडी!

आम्ही बाकीच्यांनी आठवड्यात कामं पत्करली. मी कोठी घेतली. ज्वारी मोजून देण्यात कसलं आलंय पाप! नागोराव मात्र प्रत्येक कामाची उलटतपासणी घ्यायचे. "याच्यात कुणाचं मन दुखायलंय का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. गाईचं दूध काढायला बसवलं, तर धार सोडून उठले. "वासरू माझ्याकडं बघायलंय हो." निंदायला पाठवलं, तर खुरपं ठेवून म्हणाले, "हे गवत आपल्या आधीपासून हाय इथं." स्वयंपाक आणि बैठक दोन्ही बघणाऱ्या अक्कांबरोबर कांदे चिरायला दिले, तर अक्कांच्या डोळ्यांतलं पाणी बघून यांनीच विळी बाजूला सारली. शेवटी चरखा दिला. "ह्याच्यात कुणाचंच मन दुखत न्हाई!" म्हणून लय खूश झाले, पण महिन्याभरात सूत निघालं ते एका करदोड्यापुरतं.

मला वाटायचं, सगळं ढोंग आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बैठकीत नाही म्हणायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

सहावा महिना सरला. बैठकीच्या सकाळी कोठी उघडतो तर तुपाचं गाडगं गायब, डिंक, गूळ, खोबरं अर्धं गायब, आणि दोरीवर वाळत घातलेलं माझं मऊ जुनं धोतरही गायब! बैठकीत मी भडकलोच.

"अक्का, कोठीत चोरी झालीय!"

नागोराव उठले. त्यांचं बोचकं दाराशी बांधून तयार होतं.

"म्या घेतलं. विहिरीपल्याड धनगरांची मेंढरं बसल्यात. त्यांच्यातली एक पोरगी काल बाळंत झाली. पहिलटकरीण हाय, अन् तिला माहेर न्हाई. बाळंतविडा कोण नेणार? म्या बांधला, म्याच नेला. इचारायला पाहिजे होतं, चुकलो."

"अहो, मागितला असता तर आम्हीच दिला असता," अक्का म्हणाल्या.

नागोरावांनी दाराशी ठेवलेल्या बोचक्याकडे बघितलं.

"अक्का, निजामाच्या वेळंला मी एका नाक्यावर शिपाई होतो. जाणाऱ्या-येणाऱ्याची बोचकी सोडून बघायची, हे माझं काम. एक म्हातारी लेकीसाठी बाळंतविडा घेऊन चालली होती. 'नको सोडू लेकरा,' म्हणली. म्या झटक्यात सोडलं. डिंकाचे लाडू फुफाट्यात गेले. लोकं हसली, मी पण हसलो. तिचे हात थरथरायले होते, तिला परत बांधता येईना. मला बांधता येत होतं, अक्का. म्या बांधलं न्हाई."

नागोरावांनी बैठकीपुढे हात जोडले.

"मला हे काम द्या. माहेर नसलेल्या बाईचा विडा मी बांधीन, मी नेईन. याच्यात कुणाचं मन दुखायलंय का?"

बाकी सगळ्यांच्या माना डोलल्या आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सहा महिने ज्याला ढोंगी म्हटलं, त्याच्यापुढे मला माझीच लाज वाटली. मी मान डोलावली.

बैठक उठली. नागोरावांनी सवयीनं बोचकं माझ्यापुढे धरलं, मी सोडलं. त्यातली ती पुरचुंडी घेऊन ते ओट्यावर बसले आणि नखानं तिची गाठ उकलायला लागले. स्वतःच्या हातानं! लय वेळ लागला. आत तान्ह्या लेकराचं लाल कुंचडं होतं, धुळीनं मळलेलं.

"म्हातारी गेल्यावर फुफाट्यात सापडलं. मागं पळालो, पण ती दिसली न्हाई." त्यांनी ते मांडीवर सारखं केलं. "धनगराच्या लेकराला होईल का हो, गुरुजी?"

"होईल की. पण धुऊन द्या."

साबण कोठीत होता. त्यांनी मागायच्या आधीच मी तो काढून आणला.