दोन सूत्रांचा कठडा

लांबी मोजायची टेप आणायला उठायचं नाही, एवढाच काय तो निर्णय. बातमीदार डेकवर खुर्ची टाकून चहा पीत बसले होते, टेप स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होती आणि मध्ये फक्त एक दार होतं. पण ज्या माणसानं उभं आयुष्य अधिकाऱ्यांचे आकडे खोटे पाडण्यात घालवलं, तो टेपवर विश्वास ठेवेल?

"टेप काय, जो धरेल त्याच्यासारखी बोलते," ते बायकोला म्हणाले.

"मग तुम्ही धरा."

(बायकोच्या अशा वाक्यांनंतर बातमीदार चहाकडे वळत. छापायच्या भाषेत याला 'प्रतिसाद मिळू शकला नाही' असं म्हणतात.)

डेक म्हणजे घरामागचा लाकडी ओटा, चांगला पुरुषभर उंच. दोन्ही बाजूंना भिंती आणि समोरची कड मोकळी. खाली दगडी काठाचा फुलांचा वाफा. जुना लाकडी कठडा आतून कुजला होता. बातमीदार त्याला रेलून फोनवर नगरपालिकेला झापत असताना निम्मा खाली गेला. बातमीदार थोडक्यात वाचले. (नगरपालिकाही वाचली.) उरलेला कठडा बायकोनं त्याच दिवशी उतरवून घेतला. हे कळल्याबरोबर मुलीनं फोनवर बजावलं, "बाबा, रेलिंग बसल्याशिवाय मी बबडीला घेऊन तुमच्या घरात पाऊल टाकणार नाही. ती आता रांगते. आणि साधी रांगत नाही, सुटते!"

नातीला रांगताना बातमीदारांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. येत्या रविवारी ती यायची होती. तेव्हा ठरलं, दुकानात तयार जोडून मिळतात ते स्टीलचे भाग आणायचे, कडेला स्क्रूनं आवळायचे, की झालं काम.

राहिली लांबी. बातमीदारांचा जन्माचा नियम होता की दोन स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय काही छापायचं नाही. त्यांनी डेक बांधणाऱ्या कंत्राटदाराला फोन लावला. "अठरा फूट आहे की नाही? सरळ उत्तर द्या!"

"आहे, आहे, साहेब," कंत्राटदार घाईघाईनं म्हणाला. त्याचा दुसरा एक डेक या माणसानं एकदा बातमी छापून पहिल्या पानावर पाडला होता.

मग कुंपणापलीकडच्या प्राध्यापकांना विचारलं. "अठरा. अगदी पक्कं आठवतंय," प्राध्यापक म्हणाले.

दोन सूत्रं! बातमीदार दुकानात गेले ते छाती काढूनच.

तिथे त्यांनी विक्रेत्याची जी उलटतपासणी घेतली, ती पाहून दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. स्टील कुठलं? रंग आतून लावलाय की नुसता वरून? जोड कुणी तपासला? तपासणाऱ्याला कुणी तपासलं? विक्रेत्यानं आडव्या गजांचं एक देखणं रेलिंग पुढे केलं, तर बातमीदार कडाडले, "ही शिडी आहे! मूल चढेल यावर!"

"मग उभे गज घ्या, सर. यातून लहान मुलाचं डोकं जात नाही. हा बघा, आम्ही बॉल लावून दाखवतो."

"बॉल तुमचा, दुकान तुमचं, निकालही तुमचाच!" असं म्हणून बातमीदारांनी भाजीच्या पिशवीतून कोबी काढला आणि एकेका फटीत दाबून पाहिला. कोबीची पानं सांडली, पण कोबी कुठेच आरपार गेला नाही. अखेर त्यांनी समाधानानं मान हलवली.

"लांबी मोजलीये ना, सर? तयार भाग आहेत, वाढवता येत नाहीत. एकदा बसवले की परतही घेत नाही."

"दोन सूत्रं आहेत माझ्याकडे," बातमीदार म्हणाले. विक्रेत्याला काही कळलं नाही, पण त्यानं पुन्हा विचारण्याची हिंमत केली नाही.

रविवारी सकाळी फिटर आला. डाव्या भिंतीपासून सुरुवात करून त्यानं एकेक भाग आवळला. शेवटच्या भागानंतर उजवी भिंत यायला हवी होती. ती आली नाही. मध्ये दीड फुटाची मोकळी जागा राहिली आणि तिच्यातून खालचा दगडी काठ स्वच्छ दिसू लागला.

"हे काय?" बातमीदारांचा आवाज चिरकला.

"मी बसवतो, साहेब, मोजत नाही," फिटर म्हणाला आणि हत्यारं उचलून निघून गेला.

कुंपणावरून प्राध्यापक डोकावले. बातमीदार त्यांच्यावर तुटून पडले, "अठरा म्हणालात ना तुम्ही!"

"तुम्हीच तर सांगितलं होतंत. डेक झाला त्या दिवशी. तीनदा."

"म्हणजे दोन्ही सूत्रं तुम्हीच," बायको शांतपणे म्हणाली. "लेकीला फोन करा, येऊ नको म्हणावं."

"निघाली असेल ती. मी दुकानाची सालटी काढतो!"

"काढा. पण दार लावून घ्या."

दार लावलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. बातमीदार डाव्या टोकाला भिंतीकडे तोंड करून फोनवर गरजत होते, "ही जनतेची फसवणूक आहे!" त्यामुळे पुढच्या दारानं मुलगी आली ते त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं बबडीला खाली ठेवलं आणि ती आईच्या गळ्यात पडली. बबडीला ओळखीचा आवाज आला. ती सुटली.

"आमच्या जिवाशी खेळता?" बातमीदार वळले. बबडी दारातून केव्हाच बाहेर आली होती. आजोबांकडे पाहून ती खुदकन हसली, आणि मग तिला ती उजेडाची फट दिसली. झाडं, पाखरं, सगळं जग तिथे होतं. ती तिकडे वळली.

हाक मारावी तर ती आणखी जोरात पळणार. बातमीदार तसेच धावले. तिचा हात कडेपासून वीतभर राहिला, तेव्हा फोन उडून वाफ्यात पडला आणि बातमीदार धप्पकन फटीत बसले, एक खांदा भिंतीला, दुसरा स्टीलला. बबडी त्यांच्या पोटावर आपटली आणि खदखदून हसली.

मायलेकी दारात पोहोचल्या होत्या. मग मुलीनं बबडीला उचलून छातीशी धरलं आणि डावीकडून सुरू करून रेलिंगचा एकेक भाग गदागदा हलवून पाहिला. एकही हलला नाही. शेवटी तिनं बाबांचा खांदा धरून हलवला.

"आई, बाकी सगळं पक्कं आहे. हा एवढाच भाग सैल आहे."

"अगं, तो तसाच जोडून आला होता," बायको म्हणाली. "परत घेत नाहीत."