प्रभाकरचा ढिला पट्टा

"विनायकराव येऊन गेले. त्यांना जुना टेप उघडायचाय म्हणून स्क्रू-ड्रायव्हर नेला," एवढंच त्याची बायको कुमुद म्हणाली आणि प्रभाकर बूट न काढता कॅसेटच्या खणाकडे धावला. कॅसेट जागेवर होती. म्हणजे विनायकने ती भरून घेऊन परत ठेवली असणार, असं त्याच्या मनाने घेतलं.

नव्या पनवेलच्या त्या कॉलनीत रॉक संगीतातला शेवटचा शब्द प्रभाकरचा. जगातला सर्वश्रेष्ठ रॉक आल्बम कोणता, हे तो दहा वर्षं सांगत आला होता आणि बाकीचे मान डोलावत आले होते, कारण त्यांना दुसरा ठाऊक नव्हता. मग ब्याण्णव साली समोरच्या इमारतीत विनायक राहायला आला. त्याच्याकडेही सर्वश्रेष्ठ आल्बम होता. तेव्हा मूळ कॅसेट कोण घेतो? कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची, तिला ना कव्हर ना नाव. गाणाऱ्या गोऱ्याचे शब्द दोघांनाही कळत नसत, म्हणून दोघांनी आपापल्या आल्बमचं घरीच बारसं केलं होतं. प्रभाकरचा 'समाधी', विनायकचा 'वादळ'. रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी वाद रंगे, पण ऐकायला कॅसेट कोणी कोणाला देत नसे. दिलेली कॅसेट परत आल्याचं पनवेलमध्ये कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

तशात परवा दुधाच्या रांगेत विनायक गुणगुणत होता. चाल 'समाधी'ची होती, फक्त पळवलेली. चोरी ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम पळवलीय, हे प्रभाकरने तिथेच ताडलं होतं. आणि आज हे स्क्रू-ड्रायव्हरचं निमित्त.

त्याने कॅसेट कपाटात कुमुदच्या पैठणीच्या घडीत लपवली.

"ती कॅसेट कोणाला हवीय?" कुमुद म्हणाली. "त्यापेक्षा आपला टेप दुरुस्त करा. माझी भावगीतं लावली की बाई झोपेत गातेय असं वाटतं."

"तुला ठहराव कळत नाही," प्रभाकर नेहमीप्रमाणे म्हणाला.

मग तो येता-जाता विनायकच्या खिडकीखाली रेंगाळू लागला. ते पाहून विनायकला वाटलं, हा आपला आल्बम चोरून ऐकतोय. त्याने खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. खिडक्या लागल्यावर तर प्रभाकरची खात्रीच पटली. अखेर सोसायटीचे अध्यक्ष काळूराम नाना या दोघांना कंटाळले. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात दोन्ही आल्बम सगळ्यांसमोर वाजवायचे, आणि हरेल त्याने पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. प्रभाकरचं जेवणावरचं लक्ष उडालं. कॉलनीत त्याला मान होता तो याच एका विषयात.

रविवारी विनायकने आपला नवा डेक आणला आणि 'वादळ' लावलं. पहिली गिटार वाजताच प्रभाकर उठून उभा राहिला.

"ही माझी कॅसेट आहे. हा माणूस चोर आहे."

विनायकने प्रभाकरच्या हातातली 'समाधी' घेतली आणि डेकमध्ये घातली. तीच गिटार, तीच घाई.

"आता सांगा प्रभाकरराव, चोर कोण?"

सगळ्या माना प्रभाकरकडे वळल्या. तेवढ्यात मागून कुमुदचा आवाज आला, "कोणी चोर नाही. दोघांकडे एकच आल्बम आहे. आमच्या टेपचा पट्टा ढिला झालाय, म्हणून तो हळू वाजतो. कधीची सांगतेय."

घरून टेप आणला गेला. त्यावर 'वादळ' लावलं, तर त्याची 'समाधी' झाली. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. नानांनी हाच आल्बम एकमताने सर्वश्रेष्ठ ठरवला आणि चहा मागवला.

दुसऱ्याच दिवशी कुमुदने पळस्प्याला दुरुस्तीवाल्याकडे जाऊन टेपला नवा पट्टा बसवून आणला. तिची भावगीतं जागी झाली. 'समाधी'ही धावू लागली आणि प्रभाकरला घरातलं कोणीतरी गेल्यासारखं फार वाईट वाटलं. दोन दिवस कसेबसे काढून त्याने जुनाच पट्टा परत बसवायचं ठरवलं. कुमुदने तो खणात ठेवला होता. खण रिकामा होता.

"कोण आलं होतं?"

"विनायकराव. स्क्रू-ड्रायव्हर परत द्यायला."

प्रभाकर ताडकन गॅलरीत गेला. समोरच्या खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या, पण त्यातूनही गिटार ऐकू येत होती. संथ, गंभीर, कसलीही घाई नसलेली. इतक्या दिवसांत त्याचा संशय पहिल्यांदाच खरा ठरला होता. तो खुर्ची ओढून बसला.

"कुमुद, तुझी गाणी जरा बंद कर," तो म्हणाला आणि चोरीचा माल शेवटपर्यंत ऐकत राहिला.