अण्णांना आधी दिसतं

दर सोमवारी संध्याकाळी अजित स्वतःचा आणि शंतनूचा मोबाइल तांदळाच्या डब्यात घालून वर झाकण लावायचा, आणि मग मॅच सुरू व्हायची. मॅच खरं तर आदल्या रात्रीच संपलेली असायची. अमेरिकेतली रविवारची दुपार म्हणजे आपल्या बेंगळुरूच्या जयनगरातली मध्यरात्र. तेव्हा जागत बसलं तर सोमवारी ऑफिसात डोळे कोण उघडे ठेवणार? म्हणून निकाल कानावर पडू न देता दिवस ढकलायचा आणि संध्याकाळी रेकॉर्डिंग बघायचं, असा या दोघांचा नेम होता. कुणी स्कोअर बघायचा नाही आणि मॅच चालू असताना दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलायचं नाही, एवढंच पथ्य.

संघाचं नाव मिल्टन हेरॉन्स. हेरॉन म्हणजे बगळा. अजितच्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक त्या गावचं. त्याच्याशी चार गोष्टी बोलता याव्यात म्हणून अजितने अमेरिकन फुटबॉल बघायला घेतला. पुढे गिऱ्हाईक राहिलं बाजूला आणि हा पठ्ठ्या बगळ्यांच्या नादी लागला. बरं, नादी लागावं असं त्या संघात काही होतं का? छे! दसऱ्यापासून एक मॅच जिंकली असेल तर शपथ.

“हॉलोवेला बसवा आधी!” शंतनू सोफ्यावरून ओरडायचा. हा नागपूरचा, अजितच्याच टीममधला. “क्वार्टरबॅक आहे की बसस्टॉप? सगळा खेळ ह्याने चालवायचा, आणि चेंडू हातात आला की उभाच!”

“हॉलोवे काय करेल? त्याला वाचवायला पुढे पाच जण ठेवलेत, ते लग्नाच्या फोटोला उभं राहिल्यासारखे उभे असतात.”

“मग त्या पोराला आणा, मॅबरीला. पळतो तरी.”

“पळतो रे, पण कुठे ते त्याला माहीत नसतं. सगळा दोष कोचचा. तो ग्रिम नुसता च्युइंगगम चघळतो.”

“माझं ऐक, हरू दे सगळ्या मॅचेस. शेवटचा नंबर आला, की ड्राफ्टमध्ये कॉलेजमधलं सगळ्यात भारी पोरगं पहिल्यांदा आपण उचलायचं.”

“म्हणजे जो नापास, त्याला पहिला प्रवेश?” स्मिता, म्हणजे अजितची बायको, स्वयंपाकघरातून विचारायची. “अजित, अण्णांना करार वाढवायचं विचारलंस का?”

“मॅच चालू आहे गं!”

स्मिताच्या जिवाला तोच एक घोर होता. घरभाड्याचा करार जानेवारीअखेर संपत होता. खाली राहणारे घरमालक विठोजी अण्णा यंदा काही बोलेनात. आणि घर कसं, तर रोज कावेरीचं पाणी येणारं, टँकरचं तोंड न बघणारं, कोपऱ्यावर ऑफिसची बस थांबणारं. असं घर बेंगळुरूत नशिबानेच मिळतं, आणि ते सुटलं तर मी रडेन, असं तिने अजितला स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

डिसेंबरातल्या एका सोमवारी लाइट गेले. यूपीएसवर टीव्ही तेवढा चालू होता आणि खोलीभर निळसर उजेड हलत होता. खालून अण्णांच्या बायकोच्या, मथुराक्कांच्या, सांब्राणी धुपाचा धूर जिना चढून वर येत होता. त्या धुरातून विठोजी अण्णा कधी आत आले, कुणालाच कळलं नाही. अनवाणी, पांढरा पंचा, पांढरा शर्ट. शंतनू दचकून अर्धा उठला.

“अजित, स्वल्प बोलायचं होतं,” अण्णा म्हणाले.

“बसा अण्णा, बसा. मॅच झाली की बोलू.”

अण्णा वेताच्या खुर्चीत बसले. मग पडद्याकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, “हा आता पडतो.”

हॉलोवे आडवा झाला.

“चेंडू सुटतो. तो जाडा घेऊन जातो.”

चेंडू सुटला. समोरच्या संघातला एक अगडबंब गडी तो उचलून डुलत डुलत थेट रेषेपार गेला. अजितने शंतनूकडे बघितलं, शंतनूने अजितकडे. मॅच संपेपर्यंत अण्णांचा डोळा लागला होता; दचकून उठले आणि “सरी, बरं, नंतर सांगतो,” म्हणत खाली गेले.

“योगायोग,” अजित म्हणाला.

“हो तर,” शंतनू म्हणाला, पण घरी जाताना जिन्यात त्याने मोबाइलचा टॉर्च लावला.

पुढच्या सोमवारी अण्णा पुन्हा आले. पुन्हा, “स्वल्प बोलायचं होतं.” पुन्हा खुर्ची. या वेळी दोघांचं लक्ष मॅचकडे कमी आणि अण्णांच्या ओठांकडे जास्त होतं.

“ह्याला काढतात,” अण्णा पुटपुटले. “लहान पोरगं येतं. डावीकडे फेकतं. पण लाल शर्टवाला मध्ये उडी मारतो. अय्यो पाप!”

हॉलोवेला काढलं. मॅबरी आला. डावीकडे फेकला. लाल शर्टवाल्याने मध्येच उडी मारली. ज्या माणसाला क्वार्टरबॅक आणि पोस्टमन यांतला फरक कुणी सांगितला नव्हता, त्याला हे दिसत होतं तरी कुठून?

मॅच संपली. शंतनूला राहवलं नाही. “अण्णा, अजून काय दिसतं?”

अण्णांनी मान वर केली. छताकडे बघितलं. भिंतींकडे बघितलं, अगदी सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग सुस्कारा सोडला.

“सांगायला जीभ वळत नाही रे. दोन आठवडे येतोय. पण सांगायला पाहिजे. संक्रांत झाली की हे घर रिकामं. तुम्ही इथे नसणार. मन घट्ट करा.” एवढं बोलून ते कुणाकडे न बघता जिना उतरून गेले. त्यांच्या पावलांचा आवाजसुद्धा आला नाही.

“तुम्ही म्हणजे... मीपण का रे?” शंतनूने विचारलं.

स्मिता त्या दिवशी ऑफिसातून यायची होती. तिला यातलं काही सांगायचं नाही, असं अजितने ठरवलं. बिचारी घाबरून जाईल! तो एकटाच घाबरला, आणि मनापासून घाबरला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी जाऊन त्याने रक्त, लघवी, हृदय, जे जे तपासता येतं ते तपासून घेतलं. सगळं उत्तम निघालं. त्याने तो आणखीच हादरला, कारण आता उरला तो अपघात. त्याने गॅस सिलेंडर बाल्कनीत नेऊन ठेवला. स्मिताच्या स्कूटरची किल्ली लपवली. पंख्याखालचा पलंग ओढून भिंतीशी लावला आणि मग भिंतीचाही भरवसा वाटेना म्हणून पुन्हा मध्ये आणला.

“तुला झालंय काय?” स्मिता चिडली. “संक्रांत आली तोंडावर. करार विचारलास का?”

“कराराचं काय घेऊन बसलीस!” अजितने तिचे दोन्ही हात हातात घेतले. “चार दिवस प्रेमाने राहू या गं.”

अशा नवऱ्याच्या भरवशावर राहिलं तर रस्त्यावर यायची वेळ येईल, हे स्मिताला कळून चुकलं. त्या सोमवारी ती स्वतः खाली मथुराक्कांकडे गेली. आणि ती मागच्या अंगणातून अक्कांच्या स्वयंपाकघरात शिरत होती, त्याच वेळी अण्णा पुढच्या जिन्याने वर चढत होते.

शंतनू हेल्मेट घालूनच सोफ्यावर बसला होता. अण्णा दारात दिसताच अजितने आयुष्यात पहिल्यांदा मॅच मध्येच बंद केली आणि त्यांचे पाय धरले.

“अण्णा, काहीतरी उपाय सांगा! शांत करू, होम करू, काय म्हणाल ते करू. आमचं वय आहे का हो जायचं?”

“कुठे जायचं?”

“वर!”

अण्णांनी आधी छताकडे पाहिलं, मग अजितकडे. “वर गच्चीच आहे रे. अरे, माझी मुलगी, भूमिका, कॅनडाहून परत येते. तिला घर पाहिजे. एवढंच सांगायला दर सोमवारी येतोय. तुम्ही म्हणता बसा, मॅच झाली की बोलू!”

“म्हणजे आम्ही मरणार नाही?”

“मी काय देव आहे?”

“मग हॉलोवे पडणार ते?”

अण्णांनी जिन्याकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “अक्काला सांगू नकोस. तू क्रिकेट बघायला तुझं लॉगिन दिलंस ना? मला रात्री झोप कुठे? ही मॅच आदल्या रात्रीच टीव्हीचा आवाज बंद करून बघतो. लई वाईट संघ आहे रे. त्या कोचला आधी हाकला.”

अजितला हसू आवरेना, रडूही आवरेना. एवढ्या रात्रींची भीती एका झटक्यात उतरली आणि त्याने अण्णांना कडकडून मिठी मारली. “घ्या अण्णा, घर घ्या! खुशाल घ्या! संक्रांतीला कशाला, त्याच्या आधीच सोडतो. शब्द दिला!”

“खरंच? राग नाही ना? मग भूमिकाला आत्ताच कळवतो.” अण्णांनी तिथूनच फोन लावला. दोन मिनिटं बोलले, खूश होऊन ठेवला. “देवनहळ्ळीला एक फ्लॅट मिळत होता तिला. नको म्हणून सांगून टाकते म्हणाली.”

एवढ्यात स्मिता वर आली. हातात केसरीभाताचं पातेलं, चेहरा आनंदाने फुललेला. “अजित! अक्का म्हणाल्या, भूमिकाला विमानतळाजवळच बरं पडतं, ती देवनहळ्ळीचा फ्लॅट घेईल. आपण राहायचं इथेच, अजून तीन वर्षं! मी कबूल करून घेतलं त्यांच्याकडून!”

अण्णा हातातल्या फोनकडे बघत राहिले. शंतनूने हेल्मेटची काच खाली ओढली. स्मिताने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि काय झालं ते कुणी सांगायच्या आतच तिला समजलं. तिने पातेलं सावकाश टेबलावर ठेवलं.

“स्मिता,” अजित दोन पावलं मागे सरकत म्हणाला, “आधी चांगली बातमी ऐक. मी मरणार नाहीये!”

“ते अजून नक्की नाही,” स्मिता म्हणाली आणि तिने दाराला आतून कडी घातली.