टायरवाल्यांच्या घरची गळती

"अहो, गॅस येतोय," कामावरून परतलेल्या टायरवाल्यांना दार उघडताच बायको म्हणाली.

टायरवाले म्हणजे जुन्या टायरांचं पुन्हा वापरता येईल असं रबर करणाऱ्या कारखान्यातले केमिस्ट. गंधकाने एकदा पक्कं केलेलं रबर वितळत नाही, तापवलं तर नुसतं जळतं. म्हणून त्याचा भुगा रसायनात शिजवायचा आणि गंधकाने घातलेले टाके हळूहळू उसवायचे, असा तो उद्योग. या कामात त्यांचं नाक कामातून गेलं होतं. त्यामुळे बायकोला वास येतोय म्हणजे येतोय, हे ते मुकाट्याने मान्य करत.

"दिवा लावू नका," ती कुजबुजली. मोठ्याने बोललं तरी भडका उडेल, अशी तिला धास्ती वाटत होती. तिने रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. वास हटेना. टायरवाले स्वयंपाकघरात डोकावले तर तो उलट वाढला.

"बाहेर पडा सगळे," ते म्हणाले. आवाज आपलाच आहे का, अशी त्यांना शंका आली.

गुडघ्यांमुळे आईंना जिना उतरता येत नसे. टायरवाल्यांनी त्यांना खुर्चीसकट उचललं.

"अरे, तुझ्याजवळच जास्त येतोय वास," आई म्हणाल्या.

"गॅस आपल्या मागोमाग येतोय, आई," ते म्हणाले, आणि भराभर पायऱ्या उतरू लागले.

आईंना रस्त्यापलीकडे ठेवून, फायर ब्रिगेडला फोन करून, ते पुन्हा जिना चढले आणि दारं ठोठावत सुटले. दार उघडणारा आधी "काय झालं?" म्हणे, मग एक श्वास घेई आणि चप्पल शोधण्याच्याही फंदात न पडता खाली धूम ठोके. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर तेवढे उंबऱ्यात अडून राहिले.

"आत्तापर्यंत तर इथे काहीच नव्हतं."

"आता येतोय ना?"

मास्तरांनी नाक वर केलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाहून टायरवाल्यांची पाचावर धारण बसली. गॅस वरपर्यंत पोचला होता. आपल्या घराने अख्ख्या इमारतीचा घास घ्यायचं ठरवलंय, या विचाराने मास्तरांच्या आधी तेच खाली पोचले.

फायर ब्रिगेडचा जवान हातात गॅस ओळखणारं यंत्र घेऊन सगळा जिना फिरून आला. यंत्र गप्प. खाली येऊन तो गर्दीतून चालत टायरवाल्यांसमोर थांबला आणि त्यांच्या बाहीजवळ नाक नेलं.

"आज अंगावर काही सांडलंय?"

टायरवाल्यांना दुपार आठवली. नमुना काढताना बाहीवर चिळकांडी उडाली होती, ती फडक्याने पुसून ते विसरले होते. टाके उसवताना निघणारा तो द्रव म्हणजे गॅसला वास यावा म्हणून त्यात जे घालतात, त्याचंच सख्खं भावंड.

"गळती तुमच्या बाहीला आहे," जवान म्हणाला.

लोक आधी हसले. मग अनवाणी पायांना खडे टोचू लागल्यावर चिडले. मास्तर त्यांना लांबून वळसा घालून वर गेले, ते जास्त लागलं. शर्ट काढून टायरवाले बनियनवर घराबाहेरच्या पायरीवर बसले. वास अंगातही मुरला होता, त्यामुळे घरात प्रवेश नव्हता. पण जीवात जीव आला होता.

बायको मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. "एवढा त्रास दिला तुम्हाला, चहा तरी घ्या," असं जवानाला म्हणत तिने रेग्युलेटर उघडला, पातेलं ठेवलं. घरात अजून तोच वास कोंदला होता, पण आता त्याला कोण विचारतंय? तिने लायटर उचलला.

शेवटची तपासणी म्हणून जवान यंत्र घेऊन ओट्यापाशी आला होता. यंत्र किंचाळलं. जवानाने तिचं मनगट धरलं.

"हलू नका."

यंत्र ओट्यावर टाकून दुसऱ्या हाताने त्याने रेग्युलेटर बंद केला आणि ओट्यामागची नळी ओढून काढली. ती वाकवली तशी तिला पडलेली भेग उघडली. "हे रबर कधीचंय?" त्याने विचारलं. दारातून आत बघणारे टायरवाले थिजले. जगातल्या जुन्या रबराची चिंता वाहणाऱ्या माणसाने हे रबर कधी पाहिलंच नव्हतं.

"हिला कळलंच नसतं," ते पुटपुटले. "माझ्या वासात तो वास."

ते पुन्हा पायरीवर जाऊन बसले. बायको बाहेर आली. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, नाकाला रुमाल लावून, पण अगदी चिकटून.