खेळात दूध उतू जात नाही

खट्.

एवढाच काय तो आवाज झाला. दुपारच्या सामसूम घरात, भिंतीतल्या मोठ्या कपाटात, रजयांच्या ढिगात मांडी ठोकून बसलेल्या भिंगरीच्या आईने तो ऐकला आणि आधी तिला बरंच वाटलं. दार घट्ट बसलं म्हणजे बाहेरचा आवाज आत येणार नाही. तिने मांडीवरच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि छातीत दम भरून ओरडली, "वाचवा! इथून बाहेर पडायला मार्ग नाही!"

कपाटात बसून ओरडण्याला कारण होतं. भिंगरी जन्मायच्या आधी ही बाई परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहायची. पुढची चार वर्षं तिने फक्त "तोंडातलं काढ" आणि "खाली उतर" एवढेच संवाद म्हटले. आता कुठे एका डबिंग दिग्दर्शकाने तिला संधी दिली होती. जपानी अ‍ॅनिमे मालिका होती, कार्टूनचीच पण मोठ्यांसाठी. डोक्यावर शिरस्त्राण चढवून तीनशे माणसं एका आभासी खेळात उतरतात आणि आतच अडकतात. बेटावरचे सात दरवाजे उघडेपर्यंत कुणाची सुटका नाही. एका प्रसंगाचे संवाद मराठीत लिहायचे, स्वतःच वाचून रेकॉर्ड करायचे, आणि सोबत पानभर टिपण जोडायचं: मालिकेची बलस्थानं कोणती, उणिवा कोणत्या. आणखी दोन लेखकांनाही हेच काम दिलं होतं. मुदत आज पाचची. रजयांमुळे आवाज घुमत नाही अशी घरातली एकुलती एक जागा म्हणजे हे कपाट. संवाद लिहून झाले होते, रेकॉर्डिंगचं शेवटचं वाक्य तेवढं उरलं होतं. टिपणाचं मात्र चार दिवसांत एक वाक्यही धड उतरलं नव्हतं.

रेकॉर्डिंग चालू ठेवूनच, जरा हवा यावी म्हणून तिने दार ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं. खांदा लावला. दार जागचं हलेना.

"भिंगरे, दार तू लावलंस?"

"हो!" बाहेरून अभिमानाने उत्तर आलं. "फोन झोपला. काळा झाला. मग मी तुझं काम केलं. तूच म्हणालीस ना, कुणी आत यायचं नाही. म्हणून किल्ली फिरवली."

"शहाणी माझी बाय. आता उलटी फिरव."

"किल्ली नाहीये."

"कुठे गेली?"

"जपून ठेवली."

"कुठे?"

बाहेर बराच विचार झाला. "जपून," भिंगरी म्हणाली.

भिंगरीने जपून ठेवलेली वस्तू म्हणजे समुद्रात टाकलेला खडा. टीव्हीचा रिमोट तिने दोन महिन्यांपूर्वी जपून ठेवला होता; तेव्हापासून घरात एकच वाहिनी लागते. फोन मेलेला. नवरा प्रयोगशाळेत, आणि मेल तो पंधरवड्यातून एकदा बघणार. आणि त्याच क्षणी तिला आठवलं, की "पाच मिनिटांत येतेच" म्हणून तिने दूध गॅसवर ठेवलंय.

"भिंगरे! स्वयंपाकघरात जायचं नाही! इथेच, दाराला पाठ लावून बस!"

"बसले," भिंगरी म्हणाली. तेवढ्यापुरती ती खरंच बसली.

कपाटाची मागची भिंत म्हणजे शेजारच्या काकूंच्या खोलीची भिंत. काकू निवृत्त नर्स. आईने दोन्ही मुठींनी भिंत बडवली. "काकू! वाचवा! मी अडकलेय! बाहेर पडता येत नाहीये!"

"ऐकतेय गं," पलीकडून शांत आवाज आला. "आज छान जमलंय. फक्त शेवटी जरा घाई केलीस."

आईने कपाळावर हात मारला. चार दिवसांपूर्वी, पहिल्या तालमीच्या वेळी, ह्याच काकू झाडू उगारून धावत आल्या होत्या. चोर कुठाय म्हणून त्यांनी पलंगाखालीसुद्धा झाडू फिरवला होता. खुलासा झाल्यावर त्या ओशाळल्या, पण दुसऱ्या दिवसापासून भिंतीला कान लावून रोज अभिप्राय देऊ लागल्या. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची निदान चूक तरी होती. हिने तर इमानाने सराव केला होता.

"काकू, हा सराव नाहीये! खरंच!"

"हेही वाक्य चांगलंय. नवीन घातलंस का?"

"देवाशप्पथ खरं!"

"आता थोडं जास्त होतंय हं. काल जीव होता, आज नुसता आवाज आहे."

आई रडकुंडीला आली. "अहो काकू, दूध आहे हो माझं गॅसवर!"



"दूध?" काकूंचा आवाज बदलला. "त्या खेळात दूध कुठे होतं? दूध खरंच ठेवलंयस?"

"खरंच! आणि पोरगी बाहेर एकटी आहे!"

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं!"

चपलांचा आवाज धडधडत गेला आणि घराची बेल वाजली. आता प्रश्न दाराचा. कडी भिंगरीच्या हाताला पोचत होती, पण आईने सांगितल्याशिवाय कुणालाही दार उघडायचं नाही, हा नियम तिला पक्का पढवलेला होता. बाकी पढवलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नेमकं हेच रुजलं होतं.

"भिंगरी, राजा, दार उघड बरं. शेजारच्या आजी आल्यात," कपाटातून आई जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाली.

भिंगरी संशयाने कपाटाकडे बघत राहिली. "तू खरी आई आहेस की खेळातली?"

"खरी गं सोन्या."

"खरी आई असं बोलत नाही."

आईने एक श्वास घेतला. "भिंगरे!! एक... दोन..."

तीन म्हणायच्या आत कडी निघाली.

काकूंनी गॅस बंद केला. निम्मं दूध पातेल्यात होतं, निम्मं ओट्यावरून फरशीवर उतरलं होतं. मग किल्लीचा शोध सुरू झाला. बूट झटकले, उशा चाचपल्या, साखरेचा डबा चाळून झाला. रिमोट सापडला. किल्ली नाही. शेवटी काकूंनी खालच्या मजल्यावरच्या सुतारमामांना हाक मारली.

सुतारमामा हातातलं जेवण सोडून आले, पण कपाटापुढे उभे राहिल्यावर त्यांची घाई संपली. त्यांनी दारावर टिचकी मारली. "लाकूड उत्तम आहे. हे फोडायचं म्हणजे पाप लागेल."

"मामा, आत माणूस आहे," काकू म्हणाल्या.

"माणूस थांबेल. लाकूड पुन्हा मिळणार नाही. बिजागऱ्या सोडवतो. बिजागऱ्या कुणी बसवल्यात ह्या? देवा रे, कुणी का असेना, माझ्या हाताखाली नव्हता."

आत आईने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. लॅपटॉपची बॅटरी चौदा टक्के. तिने दिग्दर्शकाला मेल टाकली: 'थोडा उशीर होईल. मी कपाटात अडकले आहे.' लगेच उत्तर आलं: 'वा! भूमिकेत शिरणं ह्यालाच म्हणतात. पाच म्हणजे पाच.'

बाहेर स्क्रू कुरकुरत होता. काकू भिंगरीला बिस्किट दुधात बुडवून देत होत्या, "पडलं तर पडू दे, आज फरशीनं तसंही दूध प्यायलंय." भिंगरी खिदळत होती. मामा तिला समजावत होते, की स्क्रू रागावला तर त्याला आधी थोडं घट्ट करायचं, मग सोडायचं, म्हणजे त्याचाही मान राहतो. भिंगरीने त्यावर सतरा प्रश्न विचारले आणि मामांनी सतराही उत्तरं दिली. चार वर्षांत पहिल्यांदाच ही बाई बंद दाराआड होती आणि बाहेर तिच्यावाचून कुणाचंही अडलं नव्हतं. तिने लिहायला घेतलं.

बलस्थानं भराभर उतरली. चित्रं अशी, की बेटावरचं धुकं पडद्यावरून पुसावंसं वाटतं. संगीत कमी आणि म्हणून आठवणीत राहणारं. जग खोटं, पण त्यातली दोस्ती खरी, आणि ती खरी वाटते हेच मालिकेचं मोठं यश. मग उणिवा आल्या. नायक एकटाच सातही दरवाजे उघडतो, बाकीचे मागे उभे राहून "अशक्य!" एवढंच म्हणतात. नायिकेला दर तिसऱ्या भागात कुणीतरी पळवतं, आणि तीही वेळापत्रक पाठ असल्यासारखी निमूट जाते. आणि मुख्य म्हणजे, तिने लिहिलं, तीनशे माणसं आत अडकलीत, पण एकाच्याही गॅसवर दूध नाही. कुणाचे कपडे दोरीवर भिजत नाहीत, कुणाचं मूल शाळेच्या फाटकाशी थांबलेलं नाही. ज्याला परत जायची घाई नाही, त्याच्या सुटकेसाठी प्रेक्षकाने जीव का टांगणीला लावायचा? आणि दार आतून तलवारीने उघडत नसतं. ते बाहेरून, कुणीतरी हातचं जेवण टाकून येतं म्हणून उघडतं.

"ताई, सुटल्या सगळ्या बिजागऱ्या!" मामांनी आरोळी दिली. "दार काढू?"

चार सेहेचाळीस. बॅटरी सहा टक्के.

"मामा," आतून बारीक आवाज आला, "दहा मिनिटं थांबता?"

बाहेर मामांनी दाराला कान लावला.

"मगाशी तर जीव जात होता तुमचा!"

"शेवटचा परिच्छेद राहिलाय हो."

मामांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं. "लिहितेय ती. आवाज करू नका कुणी." मामांनी स्क्रूड्रायव्हर असा अलगद खाली ठेवला, जणू तो झोपलाय. मग दार पडू नये म्हणून ते दहा मिनिटं त्याला दोन्ही हातांनी टेकून उभे राहिले, आणि भिंगरीने मदत म्हणून त्यांच्या गुडघ्याला टेका दिला.

चार सत्तावन्नला आईने टिपण आणि रेकॉर्डिंग पाठवलं. लॅपटॉपने शेवटचा उसासा टाकला. "झालं!" ती म्हणाली, आणि दार बाजूला झालं. उजेडात येऊन तिने आधी मामांच्या हातांवर उमटलेले दाराचे वळ पाहिले, मग पुसलेली फरशी पाहिली, आणि मग सरळ काकूंच्या गळ्यात पडली.

"पुरे गं," काकू म्हणाल्या. "चहा टाकते. तुझ्याकडे दूध आहे ना?"

चहा होईस्तोवर लॅपटॉपला जीव आला आणि पाठोपाठ मेल आली. आईने वाचायला घेतली आणि तिचे कान लाल झाले. घाईत रेकॉर्डिंग काटछाट न करताच गेलं होतं. काकू गॅस बंद करायला धावल्या तोवरचं सगळं त्यात होतं.

"काय लिहिलंय?" काकू म्हणाल्या. "मोठ्याने वाच."

"'टिपण मनापासून आवडलं. उणिवा आजवर इतक्या रोखठोक कुणी सांगितल्या नव्हत्या. काम तुमचं.'" आई पुढे वाचू लागली. "'फक्त एक विचारायचं होतं. मूळ मालिकेत दुधाचा प्रसंग नाही. त्यात ज्या बाई "अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं" म्हणतात, त्या कोण? आमच्या सातव्या दरवाजावरच्या म्हाताऱ्या राखणदारणीला असाच आवाज हवाय. त्या करतील का?'"

मामांचा कप ओठांपाशी थांबला. काकूंनी पदराने चेहरा पुसला, केस सारखे केले, जणू दिग्दर्शक समोरच उभा आहे.

"करीन," त्या म्हणाल्या. "पण दुपारी चार ते पाच मला जमणार नाही, असं कळव त्यांना."

"का हो काकू?"

"त्या वेळात भिंगरी असते माझ्याकडे."

"कधीपासून?"

"उद्यापासून. तुला लिहायचं असतं ना?"

मामांनी उगाच भिंतीला टेकवलेल्या दाराकडे पाहिलं आणि नाक ओढलं. भिंगरी मात्र मगापासून काहीतरी हिशेब जुळवत होती. ती आईच्या मांडीवर चढली, दोन्ही हातांनी तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि विचारलं,

"मग उद्या तुला कोंडायचं कुणी? मी की आजीनं?"