वाचनालयातून आणलेलं ड्रिल

सासूबाई फोनवर बायकोला एवढंच म्हणाल्या होत्या, "फळी लावायला एखादा माणूस बोलव गं, जावईबापूंना नाही जमायचं." यातला 'माणूस' माझ्या जिव्हारी लागला. मग मी कोण? मी तिथल्या तिथे ठरवलं, की रविवारी त्या घरात पाऊल टाकतील तेव्हा स्वयंपाकघरातली फळी भिंतीवर असेल आणि ती मीच लावलेली असेल.

"ड्रिल आहे कुठे आपल्याकडे?" बायकोने विचारलं.

"विकत आणतो."

"एका फळीसाठी? वाचनालयातून आणा की."

मला वाटलं, ही माझी फिरकी घेतेय. पण आमच्या भागातलं सार्वजनिक वाचनालय पुस्तकांबरोबर अवजारंही देतं, हे घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. (तिथे माझं शेवटचं जाणं लग्नाआधीचं, तेही पंखे चांगले होते म्हणून.)

सार्वजनिक संस्था म्हणजे रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवर टाकलेला स्वेटर, अशी माझी पक्की समजूत. इथे खुर्चीत चक्क ग्रंथपालबाई होत्या! मागे कपाटांत करवती, शिड्या, शिलाई मशीन, अगदी चाकाची खुर्चीसुद्धा, आणि प्रत्येकावर पुस्तकासारखा नंबर. कोपऱ्यात एक निवृत्त सुतार पाच-सहा जणांना स्टुलाचा डगमगता पाय बसवायला शिकवत होता. बाहेरच्या पायरीवर कोणी वाट बघत बसलेलं नव्हतं आणि आत कोणी कोणावर ओरडत नव्हतं. मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

"ड्रिलसाठी शनिवारचा वर्ग केलाय?" बाईंनी विचारलं.

"त्याची काही गरज नाही. मला येतं." (येत नव्हतं.)

त्यांनी संगणकात पाहिलं. "तुमच्या घरातून कोणीतरी केलाय. मग हरकत नाही, पण त्यांना शेजारी उभं करा. आणि हे छोटं यंत्र आहे ना, ते आधी भिंतीवर..."

"माहितीये, माहितीये," म्हणत मी पेटी उचलली. घरातून कोणी वर्ग केला असेल, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. संगणकाचा घोळ असणार, असं म्हणून सोडून दिलं.

रविवारी बायको आईला आणायला स्टेशनवर निघाली. "मी येईपर्यंत कशाला हात लावू नका," म्हणाली. दार बंद झालं आणि मी हात लावला.

ते छोटं यंत्र भिंतीवर टेकवलं तर ते बीप-बीप करायला लागलं. बाजूला सरकवलं की गप्प, फळीच्या जागेवर आणलं की पुन्हा बोंब. सेल संपत आले असणार, असं निदान करून मी ते काढून घेतले आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये टाकले. (रिमोट झकास चालला. तेव्हासुद्धा मला शंका आली नाही.) मग देवाचं नाव घेऊन ड्रिल चालवलं.

भिंतीने माझ्या तोंडावर चूळ टाकली.

एका हाताने भोक दाबून दुसऱ्याने पाणीखात्याला फोन लावला. उचलतील अशी आशा नव्हती. ऑफिसातले फोन कसे उचलतात ते मला माहीत आहे, आमच्या ऑफिसात न उचलणारा मीच आहे. पण दुसऱ्याच रिंगला आवाज आला.

"पाणी कुठून येतंय साहेब?"

"भोकातून."

"भोक कोणी पाडलं?"

"ते... पडलंय."

"बरं. जिन्याखाली व्हॉल्व्ह असेल, तो बंद करा."

"मग भोक कोण धरणार?"

"घरात आणखी कोणी मोठं माणूस आहे का?"

पाणीखात्याचे दोघे आणि सासूबाई एकाच वेळी दारात आले. सासूबाईंनी पदर खोचला, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत आल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, "जावईबापू, फळी कुठाय?"

त्या दोघांकडे आमच्या इमारतीचा नळांचा नकाशा होता. व्हॉल्व्ह बंद, पाइप दुरुस्त, आणि जाताना फरशीसुद्धा पुसली! दुसऱ्या दिवशी खात्याचा फोन, "पाणी नीट येतंय ना?" खरं सांगतो, मला भरून आलं. इतकी वर्षं ज्यांना नावं ठेवली ते लोक माझ्या नळाची चौकशी करत होते. माझी चौकशी माझ्या सख्ख्या भावानेही कधी केली नव्हती.

इकडे बायकोने रिमोटमधले सेल काढून यंत्रात घातले, बीपची, म्हणजे आतल्या पाइपची, जागा टाळून खुणा केल्या आणि बघता बघता फळी लावली. सरळ!

"हे तू कुठे शिकलीस?"

"वाचनालयात. दर शनिवारी तुम्हाला सांगून जात होते. तुम्ही पेपरमागून 'हं' म्हणत होतात."

ड्रिल परत द्यायला गेलो आणि सेलांसकट सगळं कबूल केलं, तर ग्रंथपालबाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "शनिवारी वर्गाला याल? तुमचा अनुभव सगळ्यांच्या उपयोगी पडेल."

वक्ता म्हणून बोलावणं! मी इस्त्रीचा शर्ट घातला, आरशासमोर भाषणाची तालीम केली. हॉल भरलेला, बायको टेबलापाशी ड्रिल घेऊन उभी, सासूबाई पहिल्या रांगेत. मी घसा खाकरला. पण ग्रंथपालबाईंनी आधी पेटी उंच धरली. झाकणावर लाल अक्षरांत नवी सूचना होती : 'बीप वाजला की थांबा. सेल काढू नका.'

"लोकांच्या अनुभवातूनच संस्था शिकते," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात सासूबाईंच्या टाळ्या. शेजारच्या बाईंना त्या अभिमानाने सांगत होत्या, "आमचे जावई हो. फळी लावायला माणूस बोलवावा लागतो, पण कशी लावू नये ते दाखवायला लोक यांनाच बोलावतात!"